वेगळी उपासना सोयीची वाटते, तरी तो ठराव होऊ देऊ नका

प्रश्न : जय ख्रिस्त. मी अचलपूर तालुक्यातल्या एका गावच्या मंडळीचा (चर्चचा) सेक्रेटरी आहे. आमची चाळीसेक घरं, बहुतेक चार-पाच पिढ्यांची ख्रिस्ती. मागच्या काही वर्षांत मेळघाटातून अकरा कोरकू आदिवासी कुटुंबं इकडच्या संत्र्याच्या बगीच्यांवर राहायला आली. तीही ख्रिस्ती आहेत, दर रविवारी येतात, पण दाराजवळच्या सतरंजीवर बसतात. पुढची बाकं रिकामी असली तरी. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचा) पेला त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी जातो, आणि आता तर दोन-तीन वडीलधारे घरून स्वतःची छोटी वाटी आणू लागले आहेत. हंगामाच्या सणाला दोन पंगती बसल्या. दुसरी कोणाची, ते सांगायला नको. जवळच्या दवाखान्यातली मिझोरामची एक नर्स आमच्याकडे उपासनेला येते. पोरं तिला 'चिंकी' म्हणतात आणि मोठी माणसं हसतात. एका पंचांनी तर हामाच्या शापाचा दाखला दिला, म्हणजे नोहाचा मुलगा हाम याच्या वंशाला गुलामीचा शाप आहे म्हणतात तो. आता कमिटीपुढे प्रस्ताव आला आहे, की कोरकू कुटुंबांसाठी दुपारी वेगळी उपासना ठेवावी, म्हणजे कोणालाच अवघडायला नको. सोयीचं वाटतं, पण मनाला पटत नाही. विरोध केला तर जास्त वर्गणी देणारी घरं तुटतील. घरी माझी आईच म्हणते, "देवानं त्यांना वेगळं केलं, आपण कशाला मिसळायचं?" भांडण न होता हे कसं बदलेल?

उत्तर : भाऊ, जय ख्रिस्त.

भांडण अजिबात होणार नाही, असं आश्वासन देता येत नाही. ते लहान ठेवता येईल आणि योग्य जागी होऊ देता येईल. पण त्याआधी प्रस्तावाचं बघू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यांत घातक गोष्ट तीच आहे. वाट्या आणि पंगती या सवयी आहेत, सवय मोडता येते. ठराव नोंदवहीत उतरला की तो नियम होतो, आणि पुढची पिढी त्याला परंपरा म्हणते.

हे नुसतं भय नाही, घडलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड मंडळीच्या सिनॉडपुढे, म्हणजे तिच्या वरिष्ठ सभेपुढे, १८५७ साली नेमका हाच प्रश्न आला होता. काही गोऱ्या सभासदांना काळ्या ख्रिस्ती लोकांबरोबर प्रभुभोजन घ्यायचं नव्हतं. सिनॉडने आधी मान्य केलं, की नव्या विश्वासणाऱ्यांनी असलेल्याच मंडळीत सामील व्हावं, हेच शास्त्राला धरून आहे. आणि त्याच ठरावात पुढे जोडलं, की काही जणांच्या दुबळेपणामुळे हे जमत नसेल तिथे त्यांची उपासना वेगळ्या जागी घ्यायला हरकत नाही. एवढीच सवलत होती. १८८१ साली वेगळी मिशन मंडळीच उभी राहिली. १९४८ नंतर सरकारने वंशभेद देशाचं धोरण केलं, तेव्हा त्याला धर्माचा आधार तयारच होता. १९८२ साली ओटावा इथे रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वंशभेदाचं धार्मिक समर्थन ही पाखंडी शिकवण आहे असं जाहीर केलं. जिला वेगळं काढलं होतं त्याच मिशन मंडळीने १९८६ साली बेल्हारचा विश्वासनामा, म्हणजे मंडळीच्या एकतेची लेखी कबुली, स्वीकारला. आणि गोऱ्या मंडळीतले विली योंकर हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक १९९० साली रुस्टेनबर्गच्या परिषदेत उभे राहून या पापाची जाहीर कबुली देऊ शकले. सवलत आणि कबुली यांच्यात १३३ वर्षं गेली.

तुमच्या प्रस्तावातलं 'कोणालाच अवघडायला नको' हे कारण त्या 'काही जणांच्या दुबळेपणा'चाच प्रकार आहे. दुबळेपणा एका बाजूचा, आणि उठून जायचं दुसऱ्या बाजूने.

कोरकू भाषेत उपासना घेणंच चूक आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. आपल्या बोलीत प्रार्थना करायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. म्हाताऱ्या बायांना मराठी प्रवचन अर्धंमुर्धंच कळत असेल. पण मग तीन गोष्टी तपासा. मागणी त्यांच्याकडून आली आहे का? प्रभुभोजन, सभासद यादी आणि कमिटी एकच राहणार आहे का? त्या उपासनेत तुमच्यातलं कोणी जाऊन बसणार आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी कोरकू प्रार्थनासभा जरूर सुरू करा. तुमच्या कमिटीपुढचा प्रस्ताव पहिल्याच प्रश्नाला अडतो.

आता शास्त्राचा आधार. गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय तुमच्याकडे सगळ्यांना पाठ असेल. यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक) हा भेद नाही, हे वाचून कोणी आपली जागा बदलत नाही. कमिटीत दुसरा अध्याय वाचा, ११ ते १४ ओव्या. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली तसा तो मागे सरकला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून इतर यहूदी आणि बर्णबासुद्धा. पेत्राचं मत बदललेलं नव्हतं. यापोच्या गच्चीवर त्याला दर्शन झालं होतं, कैसरीयात कर्नेल्याच्या घरी जाऊन 'देव पक्षपाती नाही' हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. सगळं कळत असून त्याने जेवायची जागा बदलली, कारण त्याला लोकांची भीती वाटली. पौलाने ते शिष्टाचाराचं प्रकरण मानलं नाही. हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही, म्हणून त्याने सगळ्यांसमोर त्याला विचारलं. तुमच्या मंडळीतही शिकवण बिघडलेली नाही, पंगत बिघडली आहे. दुरुस्ती तिथूनच सुरू करावी लागेल. प्रवचनं त्यानंतर उपयोगी पडतील.

आधी बसण्याची जागा. इथे बहुतेक मंडळ्या एकच चूक करतात: पाळक वेदीवरून हाक मारतात, 'या, पुढे या, लाजू नका.' सगळ्यांच्या नजरा वळतात, ते कुटुंब संकोचून पुढे येतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा दारापाशी बसतं, किंवा येतच नाही. ज्याला मान आहे त्याने हलायचं असतं. तुमच्या विश्वासातली पाच-सहा घरं आधी बोलून ठेवा. त्यांनी काही न सांगता, काही जाहीर न करता मागच्या सतरंजीवर जाऊन बसायला लागावं, लेकराबाळांसकट, निदान तीन-चार महिने. ज्यांचे गुडघे दुखतात त्या सगळ्या घरच्या म्हाताऱ्यांसाठी बाकं राहू द्या. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उपासनेत कोणाला कुठे बसवता यावरच आहे, पण तो वाचायचा सतरंज्या मिसळल्यावर, आधी नाही. आधी वाचला की टोमणा वाटतो.

पेल्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. कमिटीत कोणीतरी म्हणेल, सगळ्यांनाच छोटे ग्लास आणू, आरोग्याच्या दृष्टीनेही बरं. एरवी त्यात काही वावगं नाही, पुष्कळ मंडळ्यांत तशी पद्धत आहे. पण आत्ता आणाल तर ते कोणामुळे आणले हे लहान पोरालाही कळेल. निदान वर्षभर पेला एकच ठेवा आणि क्रम बदला. पाळकांनी एका रविवारी मागच्या ओळीपासून सुरुवात करावी, पुढच्या खेपेला डावीकडून, मग पुढून. घरून वाटी आणणाऱ्यांशी पाळक आणि एक पंच यांनी घरी जाऊन बोलावं, मत्तय १८ मध्ये सांगितल्याप्रमाणे आधी एकांतात. त्यांना १ करिंथ ११ दाखवावा. करिंथकर प्रभुभोजनाला जमून आपापलं वेगळं जेवत होते, त्यावर पौल म्हणतो की तुम्ही खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. ज्याला खरोखर आजार असेल त्याला सूट द्या, पण ती पाळकांच्या हातून मिळावी, घरच्या वाटीतून नाही.

पंगतीचा हिशेब थोडा सविस्तर मांडतो, कारण मनं इथे खरी हलतात. एक्कावन्न घरं म्हणजे सव्वादोनशे पानं धरा. वीस-बावीस किलो तांदूळ, दहा किलो तुरीची डाळ, आलू-वांगे मिळून पस्तीस किलो, वीस-पंचवीस किलो कणीक. एवढी माणसं एका वेळी बसणार नाहीत, तीन पंगती होणारच. म्हणून कोण कधी बसणार हे माणसाने ठरवू नये. एका डब्यात तीन रंगांच्या चिठ्ठ्या ठेवा, दारात प्रत्येक कुटुंबाने एक उचलायची, त्या रंगाच्या पंगतीला बसायचं. म्हातारे, गरोदर बाया आणि लहान लेकरं पहिल्या पंगतीला, मग घर कोणाचंही असो. वाढायला जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक जुन्या घरचा, एक कोरकू घरचा. आणि ही खबरदारी विसरू नका: कोरकू बायांना तांदूळ निवडायला आणि भांडी घासायला लावून त्यालाच 'सहभाग' म्हटलं जातं. वरणाच्या गंजापाशी, पाण्याच्या तांब्यापाशी त्या उभ्या पाहिजेत. विटाळाची समजूत अन्नाला आणि पाण्याला चिकटलेली असते, तिथेच ती सुटते.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांबद्दल हेच मांडलं होतं. नुसतं जवळ आल्याने पूर्वग्रह जात नाही. दोन्ही बाजूंना बरोबरीचा दर्जा हवा, काम एकच हवं, ते एकमेकांच्या मदतीने करावं लागलं पाहिजे, आणि वरच्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा. तुमच्या गावात मालक आणि मजूर रोज जवळ येतातच की, बगीच्यात. पहिली अट तिथे नसते, म्हणून वर्षानुवर्षं जवळ राहूनही काही बदलत नाही.

नाताळला मजुरांना कपडे वाटून फोटो काढण्याचा कार्यक्रम असेल तर तो याच कारणाने बंद करा. मदत लागत असेल तर मंडळीच्या गरजू फंडातून, कोणत्याही सभासदाला देतात तशी, शांतपणे द्या. दर महिन्याला कोणा कोरकू भावाला उभं करून 'साक्ष द्या' म्हणणंही नको. तो उपासक आहे, प्रदर्शनाची वस्तू नव्हे.

हामाच्या शापाचं उत्तर पंचांना पवित्र शास्त्र उघडून द्या. उत्पत्ती ९:२५ मध्ये शाप हामाला नाही, त्याचा मुलगा कनान याला आहे. तो नोहाने उच्चारला, देवाने नव्हे. कातडीच्या रंगाचा तिथे शब्दही नाही. आफ्रिकेतल्या लोकांचा संबंध ज्या कूशाशी जोडतात तो दहाव्या अध्यायातल्या वंशांच्या यादीत हामाचा दुसराच मुलगा आहे, त्याला शाप नाही. कोरकूंचा तर त्या यादीशी काडीचाही संबंध दाखवता येत नाही. अमेरिकेत गुलामी टिकवण्यासाठी हे वचन पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं, आणि चुकीचंच वापरलं गेलं. मोशेने कूशी बायको केली म्हणून त्याची बहीण मिर्याम हिने नावं ठेवली, तेव्हा देवाचा राग कोणावर झाला, हे गणना १२ मध्ये आहे: मिर्याम कोडाने पांढरी झाली आणि तिला सात दिवस छावणीबाहेर राहावं लागलं. आणि कनानाचंच म्हणाल, तर यरीहोची राहाब कनानी होती. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात ती प्रभू येशूच्या वंशावळीत आहे.

यानंतर कमिटी. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं, तक्रार झाली. प्रेषितांनी 'समजून घ्या' असं म्हटलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर आणि इतर. ज्या बाजूची तक्रार, त्या बाजूच्या हाती वाटप. तुम्ही सेक्रेटरी आहात, म्हणून इथे तुमचं काम सगळ्यांत जास्त. अकरा कुटुंबांपैकी किती जणांची नावं सभासद नोंदवहीत आहेत ते आज बघा. बहुधा थोडीच असतील, आणि कारण दिलं जाईल की दाखला नाही. जुन्या मंडळीच्या पाळकांना पत्र लिहून दाखला मागवा. तिथे नोंदवहीच नसेल तर पाळकांचं पत्र आणि बाप्तिस्म्याचे दोन साक्षीदार तुमच्या नियमात बसतात का ते कमिटीकडून ठरवून घ्या. जी मुदत आणि वर्गणी इतरांना तीच त्यांना, कमी नको आणि जास्त तर नकोच. वार्षिक सभेच्या यादीत नावं आली की मतही येतं. कमिटीत एकाला घेऊ नका, दोघांना घ्या, त्यात एक बाई. एकटा माणूस बैठकीत मान डोलावत बसतो. सभा संत्र्याच्या अंबिया बहाराच्या तोडणीत किंवा होळीच्या आठवड्यात ठेवाल तर ते येऊच शकणार नाहीत. तोडणीत सुट्टी नसते आणि होळीला बरेच जण गावी जातात.

मोठी वर्गणी देणाऱ्या घरांची तुमची चिंता खरी आहे, तिला हलकं लेखत नाही. कोषाध्यक्षांबरोबर बसून महिन्याचा बांधील खर्च काढा: पाळकांचं मानधन, वीज, वरच्या संस्थेचा वाटा. तीन महिन्यांचा खर्च शिल्लक असेल तर घाबरायचं कारण नाही. नसेल तर आधी तेवढा जमवा. धमकी बहुतेकदा तेवढे महिनेही टिकत नाही, कारण लग्नाला, मयताला आणि बाप्तिस्म्याला मंडळी लागतेच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४२ साली कॉइनोनिया नावाची शेती सुरू केली, तिथे काळे-गोरे एकाच टेबलावर जेवत. १९५० साली त्यांना जवळच्या बॅप्टिस्ट मंडळीने काढून टाकलं. पुढे गावाने बियाणं, खत विकणं आणि त्यांचा माल घेणंही बंद केलं. गोळ्यासुद्धा झाडल्या गेल्या. त्यांनी पिकान नावाचा सुकामेवा टपालाने दूरच्या गिऱ्हाइकांना विकून शेती जगवली. ती शेती आजही आहे.

एका विषयाला मंडळीत कोणी हात लावत नाही, तो मजुरीचा. तुमच्या पंचांपैकी काहींचे बगीचे असतील आणि हीच कुटुंबं तिथे राबत असतील. उचल दिली म्हणून वर्षभर बांधून ठेवणं, कोरकू मजुराला गावच्या मजुरापेक्षा कमी रोज देणं, हिशेब तोंडीच ठेवणं, हे चालू असेल तर रविवारची सतरंजी कितीही मिसळा, खोटंच राहील. याकोब ५:४ मध्ये अडकवलेली मजुरीच ओरडते, असं लिहिलं आहे. कमिटीने निदान एवढं ठरवावं, की मंडळीच्या सभासदाने सभासदाला सारख्या कामाला सारखा रोज द्यायचा आणि उचलीचा हिशेब वहीत, दोघांच्या सहीने ठेवायचा.

कायद्याचंही एकदा सांगून ठेवा, धमकी म्हणून नव्हे. कोरकू अनुसूचित जमातीत येतात आणि ख्रिस्ती झाल्याने ते बदलत नाही. अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसाने चारचौघांत जमातीच्या नावाने मुद्दाम अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. असं घडलं तर 'मंडळीतलं मंडळीत मिटवू' म्हणून त्या माणसावर दबाव आणायचा नाही. तक्रार करायची की नाही, हे त्याने ठरवायचं.

नर्सताईंच्या बाबतीत पोरांपेक्षा हसणाऱ्या मोठ्यांचा दोष जास्त. रविवारच्या शाळेच्या शिक्षिकेने तो शब्द ऐकला की तिथेच थांबवावं, एका वाक्यात: 'त्यांचं नाव घ्यायचं.' आणि त्याच आठवड्यात त्या मुलाच्या घरी जावं, कारण शब्द घरातून आलेला असतो. नाव नीट कसं उच्चारायचं ते त्यांनाच विचारून सगळ्या वर्गाला शिकवा. मिझोराममध्ये मुक्काम करून काम करणारे पहिले मिशनरी १८९४ साली पोचले. २०११ च्या जनगणनेत तिथले सुमारे ८७ टक्के लोक ख्रिस्ती होते. म्हणजे ज्यांना पोरं परकं समजतात त्या विश्वासाने आपल्याच घरच्या आहेत. महिला संघातल्या दोघींनी त्यांच्याकडे जाऊन चहा घ्यावा आणि विचारावं, काय चाललं आहे, मंडळीने काय करावं. वेदीवर बोलावून जाहीर माफी मागण्याची घाई नको. ती त्यांना हवी आहे का, हे आधी कळलं पाहिजे. गाण्याची आवड असेल तर गायकवृंदात घ्या. आवड नसेल तर आग्रह नको, तिकडचे सगळेच गातात ही समजूतसुद्धा पूर्वग्रहच आहे.

आणि आई. त्यांच्याशी वाद घालू नका, भाऊ. चुलीपाशी वादात जिंकलेला मुलगा आईला आणखी लांब लोटतो. त्यांचा पवित्र शास्त्रावर विश्वास आहे, हाच तुमचा आधार. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत रूथचं पुस्तक वाचायला घ्या, चारच अध्याय आहेत. मवाबी सून, परक्या वंशाची, वावरात सरवा वेचणारी. तिच्याच पोटी दाविदाचा आजा जन्मला. मधे काही समजावू नका, वाचत जा. 'देवानं वेगळं केलं' याचं उत्तर प्रेषितांची कृत्ये १७:२६ मध्ये आहे, देवाने एकापासूनच सगळी राष्ट्रं निर्माण केली. पण ते त्यांनी विचारलं तरच दाखवा. नाताळच्या करंज्या करायला या वर्षी दोन-तीन कोरकू बायांना घरी बोलावता आलं तर बघा, आणि बोलावणं आईंच्या तोंडून जाईल असं करा. त्या नाही म्हणाल्या तर या वर्षी राहू द्या, पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. सोयरिकीचा विषय तर आत्ता काढूच नका. तो आपल्या वेळी येईल आणि तेव्हा दोन्ही घरांना पाळकांची साथ लागेल.

कमिटीत नुसता विरोध करू नका, पर्यायी ठराव लिहून न्या. मसुदा असा चालेल: 'प्रभूच्या मंडळीची रविवारची उपासना, प्रभुभोजन, सभासद यादी, कमिटी, दफनभूमी आणि जेवणाची पंगत एकच राहील. कोरकू कुटुंबांनी मागितल्यास त्यांच्या भाषेत आठवड्यातून एक प्रार्थनासभा होईल व ती सर्वांना खुली असेल. वंश, जमात, जात किंवा रंग यावरून कोणाही उपासकाला वेगळं बसवलं किंवा हिणवलं जाणार नाही.' बैठकीआधी पाळकांना दाखवा, दोन पंचांचं अनुमोदन घेऊन ठेवा. आणि दुपारच्या उपासनेचा प्रस्ताव चर्चेला येईल त्या दिवशी कोरकू कुटुंबांतली निदान दोन माणसं बैठकीत बसलेली असतील, याची व्यवस्था तुम्ही स्वतः करा. आजवर त्यांना कोणी विचारलेलंच नाही.